तळटीपेत नाव नको

शिरूरच्या हायस्कुलात नोकरी करता करता मी बाहेरून एम.ए. करत होतो. प्रबंधिकेचा विषय होता बहात्तरच्या दुष्काळातली गावं. दौंडपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात माझी आत्या राहायची, म्हणून ते गाव निवडलं, आणि तिथंच अडकलो.

गावच्या शाळेच्या स्मरणिकेत छापलं होतं की दुष्काळात मळ्यातली विहीर साऱ्या गावाला खुली होती. आत्या म्हणाली, "खुली व्हती, पण आपल्या वस्तीला न्हाई. आपल्या बायांनी पायरीला पाय लावायचा न्हाई. वरनं कुणी वतलं तर घागर भरायची."

मी दोन्ही लिहिलं. पुण्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी आत्याच्या वाक्याखाली लाल रेघ ओढली.

"छापील पुराव्याविरुद्ध हे वाक्य उभं करताय. सांगितलं कुणी? तळटीपेत नाव द्या, नाहीतर वाक्य काढा."

नावाचं विचारलं तर आत्या उठूनच उभी राहिली. तिचा मुलगा त्याच मळ्यात सालगडी होता. "माझं नाव घाल आन् पोराला उद्या घरी बसव," ती म्हणाली. "लिहायचं तर लिही. नाव न्हाई."

मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "मला त्यांच्या तोंडून ऐकू द्या. मग बघू."

आत्या मोठ्या मिनतवारीनं तयार झाली. रविवारी सर गाडीनं दौंडला उतरले, तिथून आम्ही टांगा केला. वस्तीत टांगा येणं म्हणजे सगळ्या गावाला वर्दी. हे मला तिथं पोचल्यावर ध्यानात आलं.

आत्या सांगत होती, सर मान खाली घालून ऐकत होते, तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "काय गं, पाहुणे कोण आलेत?"

निवृत्त हेडमास्तर उभे होते. स्मरणिकेतला लेख त्यांचाच, आणि विहिरीचा मळा त्यांच्या थोरल्या भावाचा. मी हातातले कागद सतरंजीखाली सरकवले.

"ह्याच्या वळखीचे मास्तर हायत जी," आत्या म्हणाली. "गाडीला येळ हाय, म्हून च्याला आलं." आवाज सरळ होता, पण पदर तिनं मुठीत आवळला होता.

"चहा घ्या की, गुरुजी," मी म्हणालो.

"आत्ताच झालाय." ते अंगणातच थांबले. सरांना त्यांनी विचारलं, "विषय कोणता आपला?"

"इतिहास."

"मग आमची स्मरणिका वाचा. गावाचा सगळा इतिहास मी लिहिलाय."

"वाचली," सर म्हणाले. "दुष्काळातल्या विहिरीबद्दल लिहिलंय तुम्ही. त्याला आधार कशाचा घेतलात?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेला मी तोंड देऊ शकलो नाही.

"आधार?" हेडमास्तर हसले. "मी त्या वर्षी सोलापूरकडं बदलीवर होतो. पण विहीर आमच्या घरची. भावानं सांगितलं तसं लिहिलं. घरच्या गोष्टीला आधार कशाला लागतो?"

"बरोबर," सर एवढंच म्हणाले, आणि कप तोंडाला लावला.

हेडमास्तर गेले. मग सर आत्याला म्हणाले, "बाई, राहिलेलं सांगा." ती दारापाशी जाऊन वाकून बघून आली, आणि सगळं सांगितलं.

परतताना टांग्यात सरांनी मला तळटीप सांगितली. स्मरणिकेपुढं लिहायचं : लेखक त्या वर्षी गावात नव्हते, माहिती विहिरीच्या मालकाची. आत्याच्या वाक्यापुढं : प्रत्यक्ष पाणी भरणाऱ्या बाईंची मुलाखत, विनंतीवरून नाव दिलेलं नाही, मार्गदर्शकांनी समक्ष ऐकली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी बोट नेमकं तिथंच ठेवलं. "निनावी पुरावा मी मानत नाही. हे काढाल का?"

मी सरांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"नाही, सर," मी म्हणालो. "नाव नाही, पण पाणी त्यांनी भरलंय."

परीक्षकांनी गुण कापले. पहिला वर्ग गेला, वाक्य राहिलं.

पुढच्या सुट्टीत मी आत्याच्या गावी गेलो. आत्यानं पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "नाव न्हाई ना घातलं?"

"नाही."

"मग वाच."

मी कागद उलगडला. "थांब," ती म्हणाली, आणि आधी दाराला कडी घातली.