यशोदाबाईंची पाचवी आणि दिल्ली–टोकियो विमान

समजा, दिल्लीहून टोकियोला विमानाला किती वेळ लागतो, हे तुम्हाला समुद्रपूरच्या यशोदाबाईंना समजावून सांगायचं आहे. अंतर सुमारे पाच हजार आठशे किलोमीटर. तिकिटावर जाताना रात्री आठ ते सकाळी साडेसात, येताना सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. करा सुरुवात.

मी केली. काकूंच्या शेजारीच राहते, तिकीटही मीच काढलं होतं.

"जातानी साडेअकरा तास अन् येतानी सहा?" काकू म्हणाल्या. "हिंगणघाटची एस्टी जायले घेते तेवढाच वेळ यायले घेते."

मी म्हटलं, तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढं आहे. खरे तास जाताना आठ, येताना साडेनऊ.

"म्हंजे आता येतानीच जास्त? काऊन?"

"जाताना वारा मागून असतो, काकू."

काकूंचे यजमान महादेवराव दुकानाच्या गल्ल्यावरून म्हणाले, "कापसाच्या वजनात किलो-दोन किलो कापून कट्टी लावतात ना व्यापारी, तशी तिकडं वेळेले लावतात. तू बस चुपचाप."

हसण्यावारी गेलं असतं. पण टोकियोत त्यांच्या लेकीला, वेदश्रीला, मुलगी झाली, ठरल्या तारखेच्या दहा दिवस आधी. तिकिटाची तारीख अलीकडं आणली तरी शुक्रवार रात्रीचंच मिळालं. आणि काकूंना पाचवी गाठायची होती. आमच्या आळीत बाळ जन्मलं की पाचव्या दिवशीची पूजा त्याच मांडतात; त्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि पेनही ठेवतात. लोकांच्या इतक्या नातवंडांची केली, स्वतःच्या नातीची चुकवायची?

बाळ जन्मलं मंगळवारी सकाळी सातला. मंगळवार पहिला, म्हणून शनिवार पाचवा. काकू शनिवारी सकाळी पोचणार. जमलं.

तेवढ्यात पूजेचं विचारायला बोलावलेल्या गुरुजींनी विचारलं, "आपल्याकडं किती वाजले होते?"

साडेतीन. पहाटेचे.

"मग सूर्य उगवला नव्हता. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तो सोमवारच."

म्हणजे पाचवी शुक्रवारी. म्हणजे त्या रात्री काकू आकाशात.

"पण तिकडं तर उजाडलं होतं," मी म्हणाले. गुरुजींनी पंचांग उलटसुलट पाहिलं. त्यात टोकियो नव्हतं.

वेदश्रीचा फोन आला. "आई, शुक्रवारी मी अन् हे मिळून करून टाकू का? तू सांग तसं."

काकूंनी बोटांवर वार मोजले. मग म्हणाल्या, "थांब. मी येऊन राह्यली ना. शनिवारी करू."

फोन ठेवल्यावर महादेवराव म्हणाले, "पक्कं ना?"

"मले काय माहीत पक्कं का कच्चं. पोरीले सांगावं तर लागते."

शुक्रवारी सकाळी नागपूरहून दिल्लीचं विमान गाठायला गाडी आली. काकूंनी हळदी-कुंकवाची डबी सामानात द्यायला नकार दिला, पर्समध्येच ठेवली. पोचवायला मीही सोबत होते; जांबचा फाटा मागं पडला. मी पुन्हा घड्याळांचं सांगायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं.

"घड्याळ राहू दे, इला. एवढंच सांग. लेकरू तिकडचं, आजी इकडची. सटवाई कोणता सूर्य पाहून निघत असन?"