तोंडभर पाणी आणि पाच खडे

तोंडात पाण्याची चूळ धरून मी एकदा ई-रिक्षात बसले. कुठे जायचं ते सांगितलं नाही. सांगणार कशी, तोंडात पाणी होतं. हा मूर्खपणा सातव्या वर्षी केला असता तर घरात कौतुकाने सांगितला गेला असता. मी केला साठीत. आता पंच्याहत्तरी ओलांडल्यावर वाटतं, साठी म्हणजे पोरवयच. अक्कल यायची होती.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. भाद्रपदात घरच्या बाईने पाणवठ्यावर जायचं, पाच खडे वेचून तांब्यात घालायचे, तोंडात पाणी भरायचं आणि ते न गिळता, न सांडता, मुक्याने घरी यायचं. गौर पाटावर टेकली की तुळशीत चूळ टाकायची आणि मग बोलायचं. आमचे पूर्वज ग्वाल्हेरला आले ते येताना नदी काही बरोबर आणू शकले नाहीत, म्हणून आमचा पाणवठा म्हणजे इंदरगंजच्या पलीकडे एका देवळातली विहीर. तिथून पाटणकर बाजाराच्या मागची आमची गल्ली, चालत जाण्यासारखी.

गौर आणायचा मान सासूबाईंचा. मी मागून घंटा वाजवत चालायची. सून म्हणून आले तेव्हापासून मी घंटाच वाजवत होते. सासूबाई ताठ मानेने पुढे, गाल फुगलेले, नजर समोर. गल्लीच्या तोंडाशी नळ होता, तिथे पाय धुवायला तेवढ्या वाकत. मी मनात म्हणायची, माझी पाळी येऊ दे, मग दाखवते.

पाळी आली ती त्यांचे गुडघे गेल्यावर. मीही काही कमी नव्हते. माझी सून म्हणाली, "आई, मी येते घंटा घेऊन." मी म्हटलं, "काही नको, मला काय रस्ता माहीत नाही?" फोन घेतला नाही, चष्मासुद्धा नाही. गौर आणायला जाताना चष्मा लावून गेलेली बाई कधी ऐकली आहे का, हा माझा त्या वेळचा विचार.

दाराशी सून हळूच म्हणाली, "आई, आजींनी सुई लावून घेतली आहे, आणि खायला मना करत आहेत. म्हणतात, गौर आल्याशिवाय दाणा तोंडात घालणार नाही. जल्दी या."

सुई म्हणजे इन्सुलिन. ते घेऊन उपाशी राहिलं की सासूबाईंना घाम सुटे, हात थरथरत, एकदा तर शुद्धच हरपली होती. म्हणून परत येताना पायी न जाता मी समोर आलेली ई-रिक्षा थांबवली. चालवणाऱ्याला हाताने पुढे दाखवलं. त्याने ते अगदी मनावर घेतलं. इंदरगंजच्या चौकात आमच्याकडे वळायचं, तर तो सरळ स्टेशनच्या रस्त्याला लागला.

मी सीटवर थापा मारल्या. शेजारी हिरव्या साडीतली एक बाई होती, चाळिशीची. तिने माझे गाल पाहिले.

"भैया, गाड़ी रोको, अम्मा को उलटी आ रही है."

समोर मांडीवर छताचा पंखा घेऊन बसलेल्या गृहस्थांनी पंख्यासकट पाय वर घेतले. रिक्षा थांबली. त्या बाईने माझं डोकं बाहेर काढलं, एका हाताने कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ थोपटायला लागली. "कर दो अम्मा, शरमाओ मत. हम कौन से पराए हैं."

मी ओठ घट्ट मिटले. ती अजून जोरात थोपटायला लागली. इतकी आपुलकी आणखी थोडी वाढली असती तर गौर तिथेच मोडली असती.

"उलटी नहीं है," पंखेवाले म्हणाले. "दाढ़ है. सूजन नहीं दिख रही?"

बाईने पर्समधून लवंग काढून माझ्या ओठांशी धरली. मी मान हलवली, आणि तिचा हात तांब्याकडे वळला तसा तांब्या पदराखाली ओढला. सोवळं. पाठ थोपटून घेताना मला सोवळं आठवलं नव्हतं, तांब्याच्या वेळी आठवलं. तिच्या ते लक्षात आलं. तिने हात मागे घेतला.

पाणी गिळून टाकावं आणि बोलावं असं दहादा मनात आलं. पण सासूबाई दारातच विचारणार, बोललीस का? आणि मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात हे त्यांना लग्नाच्या वर्षापासून माहीत. मग पुन्हा विहीर, पुन्हा खडे, आणि त्या तोवर उपाशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे आता सगळीकडेच पाणी.

ते पाहून ती बाई थांबली. तांब्यावरचा खण पाहिला, माझं कुंकू पाहिलं. "अम्मा, मौन है क्या आपका?"

मी अशी मान हलवली की अंबाडा सुटला.

"तो पहले बतातीं न," रिक्षावाला म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने मोबाइल पुढे केला, लिहा म्हणून. चष्मा नाही. मग तिघांनी वस्त्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. हजीरा? नाही. मुरार? नाही. कंपू? नाही. पंखेवाले म्हणाले, "आगरा?" तेव्हा मला हसू फुटणार होतं, मी नाक धरलं. शेवटी ती म्हणाली, "बाड़े की तरफ?" मी हात हलवला, जवळ, जवळ. "पाटणकर बाज़ार?"

रिक्षा तिथल्या तिथे वळली. पंखेवाल्यांना जायचं होतं ते दुरुस्तीचं दुकान उलट्या बाजूला राहिलं. "पंखा कल घूम लेगा," ते म्हणाले. बाईने बहिणीला फोन लावला. "जिज्जी, स्टेशन पर ही बैठो, चाय पी लो. एक देवी जी को घर छोड़ के आ रहे हैं." देवी म्हणजे तांब्यातली की मी, ते तिने स्पष्ट केलं नाही.

बाजाराच्या वळणावर खड्डा आला. तांब्या माझ्या हातून निसटला तो तिने वरच्या वर झेलला. मी परत मागितला नाही. घरापर्यंत तोच धरून बसली, दोन्ही हातांनी.

सासूबाई उंबऱ्याशी खुर्चीत होत्या, घामाने ओल्या. सून साखरेच्या पाण्याचा पेला घेऊन उभी, आणि त्या मान फिरवताहेत. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "बोललीस?" मी फुगलेले गाल दाखवले. रांगोळीच्या पावलांवरून आत गेले, खडे पाटावर ठेवले, तुळशीत चूळ टाकली. माझा पहिला शब्द होता, "प्या." त्यांनी पेला उचलला. हात इतका थरथरत होता की अर्धं पदरावर सांडलं, पण अर्धं पोटात गेलं. थोड्या वेळाने त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि मी जमिनीवरच बसले.

बाहेर रिक्षा अजून उभी होती. तिघेही दारातून डोकावत होते. "अम्मा ठीक हैं?" त्या बाईने विचारलं. सगळं ऐकून सासूबाईंनी तिला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं, आणि ती खरंच आली, स्टेशनवरच्या जिज्जीलाही घेऊन. घावन-घाटलं दोघींनी मागून घेतलं. मी त्यांची ओटी भरली.

त्या गेल्यावर सासूबाई खाटेवर आडव्या झाल्या आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या:

"अगं, मी दर वर्षी देवळाच्या कोपऱ्यावर पाणी गिळून टाकायचे, गाल नुसते हवेने फुगवायचे, आणि आपल्या नळावर पाय धुवायला वाकले की पुन्हा भरून घ्यायचे. तू मागे घंटा वाजवण्यात दंग, तुला काय दिसणार. सांगितलं नाही तेच बरं झालं. नाहीतर काल तू एकटीच बडबडत घरी आली असतीस, आणि आज या दोघी कुठून जेवायला आल्या असत्या?"