बाहीखालचं कडं

देवावर विश्वास आहे का, असं त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मी 'नाही' म्हटलं असतं, आणि म्हणता म्हणता उजव्या हाताची बाही खाली ओढली असती. बाहीखाली लोखंडाचं कडं होतं. आईनं ते डोंगरगडच्या देवीच्या पायाला लावून आणलं आणि माझ्या हातात घालताना बजावलं, "नोकरी पक्की होईस्तोवर काहाडू नोको." मी हसले, पण कडं मात्र काढलं नाही. झोपताना नाही, आंघोळ करतानाही नाही. भर मे महिन्यात मी पूर्ण बाहीचे कपडे घालून ऑफिसात जायचे, कारण सोबतच्या इंजिनिअरांनी ते पाहावं असं मला वाटत नव्हतं. माझा हा दुटप्पीपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आमच्या भिलाईत नोकरी लागली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पक्की की कच्ची? आजोबा भंडाऱ्याकडची शेती सोडून इथे आले ते पोलाद कारखान्यातल्या पक्क्या नोकरीसाठी. बाबाही कारखान्यातच लागले. त्यांची ड्यूटी स्क्रॅप यार्डात, जुनं लोखंड उचलणाऱ्या मॅग्नेट क्रेनखाली. मी जुनवानीकडच्या कॉलेजातून टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतली आणि एका मोबाइल कंपनीनं मला वर्षभराच्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅममध्ये घेतलं, तेव्हा घरात आनंदाच्या आधी चौकशी झाली. "म्हंजे ट्रेनी," बाबा म्हणाले. "ट्रेनी म्हंजे कच्चीच ना?" वैशाली नगरातल्या शेजाऱ्यांना ते वर्षभर 'पोरगी शिकून राहिली' एवढंच सांगत राहिले. मला त्याचा फार राग यायचा. पण हातातलं कडंही त्यांचंच होतं. वीसेक वर्षं त्यांच्या मनगटावर राहिलेलं ते कडं आईनं माझ्यासाठी उतरवून घेतलं, आणि त्यांनी एका शब्दानं विरोध केला नव्हता. ते मला जरा ढिलं व्हायचं आणि घसरून तळहाताशी यायचं.

प्रोग्रॅममध्ये आम्ही बाराजण होतो. काही महिने टॉवर उभारणी, काही महिने कंट्रोल रूम, मग नेटवर्कच्या तक्रारी, असं वर्षभर फिरवून शेवटी रायपूरला पॅनेलपुढे बसवायचे. तिथे तीनपैकी एक निर्णय व्हायचा, कायम, मुदतवाढ किंवा निरोप. मी नवरात्रात रुजू झाले होते आणि माझं वर्ष संपत होतं तेही पुढच्या नवरात्रात. पॅनेलच्या आदल्या आठवड्यात मला पहिल्यांदा एकटीच्या जबाबदारीवर एक काम मिळालं. डोंगरगडच्या देवीचं देऊळ डोंगरावर, हजारभर पायऱ्या चढून; तिथल्या नवरात्राच्या जत्रेसाठी कंपनी पायथ्याशी तात्पुरता टॉवर उभा करते. त्यावरचे तीन अँटेना ठरलेल्या दिशांना वळवायचे, त्यातला एक पायऱ्यांकडे, आणि साइट तयार झाल्याच्या कागदावर सही करायची, एवढंच काम होतं. योगायोग म्हणून आई खूश झाली. मी म्हटलं, ड्यूटीचा तक्ता कंपनी करते, देवी करत नाही.

दिशा ठरवायची ती होकायंत्रानं. टॉवरपासून लांब उभं राहायचं, घड्याळ, फोन, किल्ल्या बाजूला ठेवायच्या आणि होकायंत्र डोळ्यांसमोर धरून वर चढलेल्या माणसाला सांगायचं, डावीकडे, अजून थोडं, बस. लोखंड जवळ असलं तर सुई फसते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी सगळं नियमाप्रमाणे केलं. माझ्यासोबत टॉवरवर चढायला इतवारी होता, राजनांदगावकडचा, पन्नाशीचा, माझ्या वयाइतकी वर्षं टॉवर चढलेला. वरून खाली उतरल्यावर तो डोळे बारीक करून म्हणाला, "मैडम, इसका मुंह सीढ़ी की तरफ नहीं लग रहा." मी त्याला होकायंत्र दाखवलं. आकडा नकाशाशी तंतोतंत जुळत होता. तो दोर गुंडाळायला लागला, आणि मी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. पायऱ्या निम्म्या चढल्या की फोन कट व्हायचा, पायथ्याच्या मैदानातही मधूनच तुटायचा. हरवलेल्या माणसांच्या मदत केंद्रातून वरच्या पोलिसांशी बोलणं होईना. कंट्रोल रूमनं कळवलं, पायऱ्यांकडचा अँटेना पायऱ्यांना धरतच नाहीये. मी पुन्हा मोजलं. आकडा तोच. संध्याकाळी पुन्हा मोजलं, तरीही तोच. साहेबांनी फोनवर आवाज न चढवता सांगितलं, "साइट तुझ्या सहीची आहे. पॅनेल सोमवारी आहे." वर्षभराची धडपड एका आकड्यावर येऊन थांबली होती, आणि तो आकडा तर बरोबर होता. मग चुकत काय होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच जागी उभी राहिले. मैदानाच्या कडेनं लाकडी बल्ल्या बांधून दर्शनाची रांग केली होती. रांगेत घोषणा चालल्या होत्या, पोरं खांद्यावर होती, बायकांच्या हातात नारळाच्या पिशव्या होत्या. मी होकायंत्र डोळ्यांसमोर धरलं तशी बाही मागे सरकली आणि कडं खाली घसरलं. बल्लीपलीकडून एक म्हातारा माणूस बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. तो म्हणाला, "पोरी, हातातलं थे कडं लोखंडाचं हाये काय?"

इतक्या माणसांत कडं पाहिलं ते यानं, म्हणून मी आधी बाहीच ओढली. मग म्हटलं, "हो. कावून?"

"मी खाणीत सर्व्हेअर होतो. आमी होकायंत्र धराच्या आधी पट्ट्याचं बक्कलही काहाडून ठेवू. तू तर लोखंड मनगटात घालून उभी हाये." तो हसला, कुचकटपणे नव्हे. "काहाडून पाय बरं एकदा."

त्या क्षणी मला सगळं समजलं, आणि समजूनही माझा हात हलला नाही. घड्याळ काढलं होतं, किल्ल्या काढल्या होत्या, कडं मात्र मी लोखंडात धरलंच नव्हतं. ते माझ्या लेखी आईचा नवस होतं, माझी भीती होतं. देव मानत नाही म्हणणाऱ्या मला आता घाम फुटला. पॅनेल चार दिवसांवर आलेलं, आणि नोकरी पक्की होण्याआधी काढायचं नाही, ही तर अटच होती. काढलं आणि नोकरी गेली तर? नाही काढलं तर जाणारच होती, हे डोक्याला कळत होतं, पण मन ऐकेना. मी बाजूला ठेवलेला फोन उचलून आईला लावला. म्हटलं, तिनं घातलंय, तिलाच विचारू. तिनं 'हॅलो' म्हटलं. मी एका दमात म्हणाले, "आई, ते कडं काढू काय?" आणि फोन कट झाला. पुन्हा लावला, लागेना. तिसऱ्यांदा लावला, तरी लागेना. लागणार कसा? नेटवर्क माझंच होतं.

मला एकदम हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. विचारायला कुणी उरलं नव्हतं. समोर डोंगर, वर देवीचा कळस, आणि मी दोन दिवस त्याच्याकडे फक्त मोजायची जागा म्हणून पाहिलं होतं. हात न जोडताच मी मनात म्हणाले, बाई, हे तुझं, काय करायचं ते तू बघ. मग कडं काढलं. नारळाच्या दुकानातल्या बाईला म्हटलं, जरा ठेवता का. तिनं काही न विचारता ते आपल्या देवीच्या फोटोपुढे ठेवलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. मी परत येऊन होकायंत्र धरलं. सुई तब्बल पंचवीस अंशांनी दुसरीकडेच थांबली. म्हाताऱ्याला दाखवायला मान वळवली तर रांग पुढे सरकली होती. त्याचं नाव मला आजतागायत माहीत नाही.

आई म्हणते, तो म्हातारा म्हणजे देवीच होती. मी वाद घालत नाही. मला तो खाणीतून रिटायर झालेला भला माणूस वाटला, आणि तो नेमका त्याच वेळी रांगेच्या त्याच ठिकाणी उभा होता, एवढंच मी सांगू शकते.

इतवारीनं तासाभरात तिन्ही अँटेना फिरवले. मी चाचणीचा फोन घेऊन पायऱ्या चढायला लागले, दर पंचवीस पायऱ्यांवर थांबून आकडे लिहीत. ज्या वळणावर फोन मरत होते तिथे एक बाई पायरीवर बसून कुणाला तरी सांगत होती, "हो माय, अर्ध्यात आलो, पाय दुखून राहिले, पण येतो आता वरतं." तिचं बोलणं संपेपर्यंत मी तिच्यामागे उभी राहिले. तिला वाटलं असेल, ही पोरगी दमली. वर पोचल्यावर देवीसमोर उभी राहिले तेव्हा नोकरीचं मागायचं लक्षातच आलं नाही. बाहेर आल्यावर आठवलं, आणि परत रांगेत लागण्याइतकी शक्ती नव्हती.

खाली आल्यावर नारळाच्या दुकानातून कडं घेऊन पिशवीत टाकलं. इतवारी चहा घेऊन बसला होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "मैडम, रिपोर्ट में लिख दो, बोल्ट ढीला था, हवा से घूम गया. कौन देखने आता है?" तो माझ्या भल्यासाठीच सांगत होता. बोल्ट ढिला म्हटलं की दोष त्याच्या माथी जातो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं ते सुचवलं, आणि मला इतकी लाज वाटली की काय सांगू! मी रिपोर्टमध्ये लिहिलं, दिशा मोजणाऱ्या इंजिनिअरच्या हातात लोखंडी कडं होतं, सबब तिन्ही मापं चुकली. खाली माझी सही केली. सही करताना भीती वाटली नाही. वर्षभर ती सतत सोबत होती, त्यामुळे तिचं नसणं मला चांगलंच जाणवलं.

सोमवारी पॅनेलमधल्या एका बाईंनी चष्मा काढून विचारलं, "शिकवलं होतं ना? मग कडं का काढलं नाहीस?" मी सांगितलं, "नवस होता. काढायची भीती वाटत होती. आणि कुणाला कळू नये म्हणून लपवलंही होतं." बाराजणांत बहुतेक कायम झाले. मला तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. खरं लिहिल्यामुळे निरोप टळला, की चुकल्यामुळे कायम होणं हुकलं, ते मी कधी विचारलं नाही. तीन महिन्यांनी कायम झाल्याचं पत्रही आलं. पण मला सांगायचंय ते त्याच सोमवारचं.

संध्याकाळी घरी पोचले ती धास्तावूनच. मुदतवाढीचं सांगणं सोपं होतं. कडं काढलं हे सांगणं अवघड होतं, कारण आई आता म्हणणार, नवस मोडला म्हणून असं झालं. आधी बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं आणि पिशवीतलं कडं मागून घेतलं. "इतकी वर्षं मॅग्नेटखाली वागवलं मी थे कडं," ते म्हणाले. "थेच मॅग्नेट झालं असन. मले समजाले पाहिजे होतं बेटा." त्यांच्या तोंडून असं काही मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग स्वयंपाकघरात गेले. आई पालक निवडत होती. मी म्हटलं, "आई, डोंगरगडहून तुला फोन केला होता मी, त्या दिवशी सकाळी."

"हो ना. मी काहाड म्हटलं न तुले."

"काय?"

"तू म्हटलं, कडं काढू काय, अन् मंग तुहा आवाजच गेला. मी म्हटलं, काहाड, बेटा, काहाड. देवीच्या जत्रेचं काम करून राहिली तू, थे काय कडं धरून बसन? दोनदा म्हटलं, चांगलं जोरानं. शेजारची डोकावून पाहाले आली." तिनं पालकाची जुडी खाली ठेवली. "तुले आयकू नाही आलं काय?"

नाही आलं. मी तिथेच तिच्याजवळ खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. ती घाबरली, तिला वाटलं नोकरी गेली. ज्या परवानगीसाठी माझा जीव जात होता ती मला केव्हाच मिळाली होती. ती माझ्यापर्यंत पोचली नाही, कारण अँटेना मीच वाकडा लावून ठेवला होता. त्याला आता बरीच वर्षं झाली. देव आहे की नाही, हे मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही, पण हात जोडायला मी आता लाजत नाही आणि फार मागतही नाही. काही अडलं की एकदा विचारते, आणि तिकडून 'हो' म्हटलं गेलं असेल, असं धरून कामाला लागते.