अक्कांकडे राहिलेले फोटो

श्रीमती इंदूबाईंना, म्हणजे आम्हा खानदेशातल्या फोटोवाल्यांच्या अक्कांना, मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा धुळ्याच्या फोटो लॅबमध्ये त्या कोणाचा तरी डबा घेऊन आल्या असाव्यात असे मला वाटले होते. साक्रीला नुकताच स्टुडिओ टाकला होता आणि पहिल्याच ऑर्डरचे, एका लग्नाचे रोल घेऊन मी एसटीने धुळ्याला आलो होतो. काउंटरवर अक्कांचे यजमान, आप्पा, कडक इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. लॅबचे मालक तेच आणि आतले कारागीरही तेच, असा माझा पक्का ग्रह झाला. फोटो न्यायला पुन्हा गेलो तर आप्पा पाकीट देईनात. म्हणाले, "तुम्हाला आत बोलावलंय." आत छपाईच्या मशीनपुढे डबेवाल्या बाई बसलेल्या होत्या.

त्यांनी माझे फोटो टेबलावर मांडले आणि विचारले, "नवरीला भिंतीला टेकवून का उभं करता? मागे बघा केवढी काळी सावली पडलीय. जरा पुढे घ्यायचं तिला." मी मान डोलावली. बोलणी खाऊन निघालो तर मागून आवाज आला, "जेवून आलात का?" नंतरच्या सगळ्या वर्षांत मी रोल घेऊन गेलो आणि हा प्रश्न आला नाही, असे कधी झाले नाही.

रोल धुणे आणि फोटो छापणे हे मशीनचे काम, असा लोकांचा समज असतो. मशीन ते करतेही, पण आपल्या अकलेने करते. मारवाडी लग्नात सगळीकडे लाल रंग. मशीनला वाटते लाल फार झाला, ते तो कमी करते आणि नवरीचा चेहरा हिरवट पडतो. बौद्ध लग्नात वधूवर पांढऱ्या कपड्यांत असतात. तिथे मशीन पांढऱ्याला बिचकते आणि सगळा फोटो मळकट करून टाकते. म्हणून अक्का एकेक निगेटिव्ह स्वतः पाहत आणि रंगाची बटणे स्वतः दाबत. दोंडाईच्याच्या एका बौद्ध कुटुंबाचे फोटो दुसऱ्या लॅबमधून छापून आले होते. मुलाच्या आईने ते पाहून फोटोवाल्याला विचारले, "मनी सूननं लुगडं मयकं व्हतं का?" तो बिचारा निगेटिव्ह घेऊन धुळ्याला आला. अक्कांनी सगळे फोटो नव्याने छापले, पांढरे ते पांढरे दिसेपर्यंत कागद वाया घालवला, आणि त्या माउलीने मग ते घरी येईल त्याला दाखवले.

वीज जाणे ही तर आपल्याकडची रोजची गोष्ट. मशीनमध्ये फिल्म असताना वीज गेली आणि ती रसायनात तशीच राहिली, की कोणाचे तरी लग्न कायमचे गेले. अशा वेळी जनरेटर सुरू होईपर्यंत अक्का हाताने चाक फिरवून फिल्म पुढे सरकवत. एकदा मी शेजारीच होतो. त्यांचा खांदा भरून आला असेल, म्हणून म्हणालो, "अक्का, मी फिरवतो." त्या म्हणाल्या, "तुमचा हात एकसारखा फिरणार नाही. आत रावेरवाल्यांची हळद आहे, थांबवून कशी चालेल?" रावेरहून धुळ्यापर्यंत रोल का येत, ते मला त्या दिवशी कळले.

एका बाबतीत मात्र अक्कांनी आमचा धंदा बुडवला, हे या गौरवअंकात लिहायलाच हवे. स्थळांना दाखवायला मुलीचा फोटो काढला, की आईबापांची हमखास विनंती असे, "थोडी उजळ करा." फोटो फिका छापला की माणूस गोरा दिसतो. बहुतेक लॅबवाले न विचारताच तसे करून देत. अक्का करत नसत. आम्ही गळ घालायचो, "अक्का, एक बटण तर दाबायचं आहे." त्यांचे उत्तर ठरलेले: "मुलगी सासरी गेल्यावर ते लोक कोणतं बटण दाबणार आहेत?" माझी काही चांगली गिऱ्हाइके त्यापायी तुटली. तेव्हा मला अक्कांचा राग आला होता आणि थोडा अजूनही आहे, पण त्यांच्या हातून छापून आलेला चेहरा कधी खोटा निघाला नाही, हेही तितकेच खरे.

त्यांच्या मायेविषयी किती लिहावे. माझ्या पत्नीला बाळंतपणात त्रास झाला आणि धुळ्याच्या दवाखान्यात ठेवावे लागले. आमचे तिथे कोणी नव्हते. कोणी सांगितले कोण जाणे, पण रोज लॅब उघडण्याआधी अक्का दवाखान्यात हजर. पत्नीसाठी पेज आणि माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी संकोचून म्हणालो, "अक्का, तुमच्या कामाचा खोळंबा होतो." तर म्हणाल्या, "लोकांची लग्नं झालेली आहेत, फोटो उशिरा मिळाले म्हणून मोडणार नाहीत. तुम्ही खाऊन घ्या." माझी मुलगी आज स्वतः आई झाली आहे आणि तिच्या तोंडी अक्कांचे नाव आजीच्याच जागी येते.

पुढे काय झाले ते आपण सगळे जाणतो. डिजिटल कॅमेरे आले, रोल येणे थांबले. काही वर्षे लॅबने तेही फोटो छापले. मग लोक फोटो मोबाइलमध्येच बघू लागले आणि छापायची गरज कोणाला उरली नाही. याच काळात आप्पा गेले. अक्का काउंटरवर येऊन बसू लागल्या, पण समोर उभे राहायला माणूसच नव्हते. गेल्या वर्षी त्यांनी लॅब बंद करायचे ठरवले. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा विनय येऊन राहिला, मशीन भंगारात गेले, दुकानाची जागा एका मोबाइलवाल्याने घेतली. उरली ती मागच्या खोलीतली कपाटे.

त्या कपाटांत कोणी न नेलेल्या फोटोंची पाकिटे होती, आत निगेटिव्हही. पाकिटावर गाव आणि स्टुडिओचे नाव असायचे, पण त्यातले अर्धे स्टुडिओ कधीच बंद झालेले. फिल्म जाळली की तिच्यातून चांदी निघते म्हणून भंगारवाले असला माल आवडीने उचलतात. तसा एक जण दारात उभाच होता. विनय म्हणाला, "आई, इतक्या वर्षांत जे आले नाहीत ते आता कशाला येतील?" तो चुकीचे बोलत नव्हता. आम्ही फोटोवाल्यांनीही तोच सल्ला दिला. अक्का म्हणाल्या, "न्यायला आले नाहीत म्हणजे विसरले असं नसतं रे. आणि फोटो माझे नाहीत. ज्याचे आहेत त्याला विचारल्याशिवाय जाळायला कसे देऊ?" जागेचा ताबा द्यायची वेळ जवळ येत चालली होती. त्याआधी ही माणसे आपापल्या घरी पोचली पाहिजेत, याखेरीज त्यांना दुसरे काही सुचत नव्हते.

म्हणून त्यांनी बाजार धरले. माझ्या गाडीत पाकिटे भरली आणि गावोगावच्या आठवडे बाजारात आम्ही ताडपत्री अंथरून बसलो. प्रत्येक पाकिटावर त्यातला एक फोटो ठेवायचा, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खडा. एका बाजूला मिरच्या, दुसऱ्या बाजूला भांडी, आणि मध्ये आम्ही. पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर लोकांना आधी खरेच वाटेना. मग ते वाकून पाहू लागले. कोणाला आपली आजी सापडली, कोणाला आपले जावळ. दोंडाईच्याला एका गृहस्थांना स्वतःच्या लग्नाचे फोटो मिळाले. भरघोस केसांचा तो नवरदेव पाहून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आते काय कामना? तव्हय आनाले पाहिजे व्हतात." पण पाकीट त्यांनीच पिशवीत टाकले.

साक्रीच्या बाजारात दुपारी एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ लांब उभे होते. ते अक्कांच्या लक्षात आले. मी पाहिले तर दगा आबा, डोंगराकडच्या एका गावचे. त्यांच्या मुलीचा, सुरेखाचा, स्थळांना दाखवायचा फोटो मी माझ्या स्टुडिओत काढला होता आणि तो धुळ्याला अक्कांकडे छापला जाईल, हे त्यांना सांगितले होते. तो छापून यायच्या आत ती काविळीने गेली. मी सांत्वनाला दारावर जाऊन आलो, पण फोटोविषयी ना मी बोललो, ना त्यांनी विचारले. पाकीट धुळ्यालाच राहिले.

आबा जवळ आले, उकिडवे बसले आणि त्यांनी बरोबर त्याच पाकिटावरचा खडा बाजूला केला. फोटोतली सावळी मुलगी किंचित हसत होती. आबा अक्कांना म्हणाले, "मी सांगेल व्हतं, उजळ करा म्हनीसन. तुम्हीन मनं आयकं नही, ते बरं करं. हाई बठ्ठी मनी सुरेखाच शे."

अक्कांनी पाकीट त्यांच्या हातात दिले. आबांनी ते परत ताडपत्रीवर ठेवले.

"घर लई जासू ते हार घालना पडी," ते म्हणाले. "जव्हय धुयाले येस, तव्हय तुमना दुकानना समोर थोडासा उभा ऱ्हास. तठे शे इतलं माहीत व्हतं. तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या. तुमनाजोडे शे तवलगून तिले हार नही."

गेलेल्या माणसाचा फोटो घरात लागला की त्याला हार येतो, हे कोणाला सांगायला नको. म्हणूनच आबा धुळ्याला आले की दुकानासमोर नुसते उभे राहून परतत होते. इतक्या दिवसांच्या खटपटीत अक्कांचा एकच हट्ट होता, फोटो ज्याचा त्याला मिळाला पाहिजे. आणि इथे फोटोचा धनी समोर बसून नको म्हणत होता. दुकान तर आठ दिवसांनी दुसऱ्याचे होणार होते. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "आबा, मनं वय देखा. मी आखो कितला दिन?"

आबा उठता उठता म्हणाले, "तुमले ऱ्हानं पडी, अक्का."

अक्कांनी ते पाकीट आपल्या पिशवीत ठेवले. दुकानाचा ताबा ठरल्या दिवशी दिला गेला. शेवटपर्यंत ज्यांचे कोणी भेटले नाही ती पाकिटे आणि सुरेखाचे पाकीट आज अक्कांच्या घरी त्यांच्या कपाटात आहेत. आबा धुळ्याला आले की आता तिथे जातात. फोटो मागत नाहीत. जेवून आलात का, या प्रश्नाचे उत्तर देतात, चहा घेतात आणि गावी परततात.

अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त आपण सगळे त्यांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर चिंतणार आहोत. मीही हात जोडून तेच मागतो. पण आपल्या सर्वांची ती इच्छा आहे. डोंगराकडच्या त्या बापाची ती गरज आहे. जोवर अक्का आहेत, तोवर त्याच्या मुलीच्या फोटोला हार नाही.