हात खाली ठेव

माझा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा. त्याला खुणांची भाषा कोणत्या शाळेनं शिकवली नाही. त्यानं आणि मायनं मिळून आपली एक भाषा केली होती आणि ती पूर्ण अशी त्या दोघांनाच येत होती. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाकीचे लोक शेतात बांधीच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून घसा बसवून घेत. हे दोघं गुडघाभर चिखलात उभे राहून हात हलवत आणि त्यांचं सगळं बोलणं होऊन जाई, भांडणसुद्धा. मला त्यातलं जेव, ये, पाणी, गाय, पाऊस एवढंच यायचं. लग्न होऊन लाखनीला आले आणि त्यातलंही निम्मं विसरले.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीला माय आंधळगावच्या घरी अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तब्येत काही सावरेना. दवाखाना जवळ पडतो म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. भाऊ गावीच राहिला. रोवणा तोंडावर आला होता, घरी गाय होती, आणि एकट्यानं एसटीत बसायला तो घाबरतो. कंडक्टर काय विचारतो ते त्याला कळत नाही. रोवणा आटोपला की माझे यजमान जाऊन त्याला घेऊन येतील, असं ठरलं.

माय आल्या दिवसापासून एकच धोशा लावून बसली. "मले त्याच्याशी बोलाचं हाये. एक गोष्ट सांगाची हाये त्याले."

"मले सांग ना. मी सांगीन त्याले."

"तुह्यानं नाही होत बाई ते. मीच सांगीन."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. खाणं-पिणं, औषधपाणी, बेडपॅन लावणं-काढणं सगळं मी करायचं आणि गोष्ट मात्र त्याला सांगायची.

भावाकडे मीच दिलेला फोन होता. शर्टाच्या खिशात तो थरथरला की त्याला कळायचं. अडचण मायच्या डोळ्यांची होती. मोतीबिंदूमुळे माझ्या फोनवर तिला तो ओळखूच येईना. "हा कोन हाये?" म्हणाली. पण घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे. तिथे बसून मी लोकांचे फॉर्म भरून देते. त्याच्या मोठ्या पडद्यावर भावाचा फोटो लावला, तर तिनं लगेच ओळखला. कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता. दुकानदार म्हणाला, भंडाऱ्याहून मागवावा लागेल. मी म्हटलं, मागवता कशाला, माझा जुना फोनच कॅमेरा म्हणून जोडते. लाखनीत निम्म्या लोकांचे अडलेले कॉम्प्युटर माझ्याकडे येतात, आणि त्याचा मला तोरा होताच.

तीन संध्याकाळी त्यात गेल्या. फोनवर ॲप टाकलं, कॉम्प्युटरवर त्याचा जोडीदार टाकला. कॉम्प्युटर म्हणे, कॅमेरा सापडला नाही. बघते तर फोन वायफाय सोडून मोबाईल डेटावर पळत होता. डेटा बंद केला. मग कॉम्प्युटरचं संरक्षणच त्याला आत येऊ देईना. तिथे परवानगी दिली. चित्र आलं ते आडवं. फोन आडवा करून पोह्यांच्या डब्याला टेकवला. दर दोन मिनिटांनी चित्र गोठायचं, कारण बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन ॲपलाच झोपवत होता. तेही बंद केलं. मग आवाज. आवाज फाटून येत होता म्हणून एक अख्खी संध्याकाळ मी माईकच्या मागे लागले. ज्याला जन्मात ऐकू आलं नाही, त्याच्यासाठी! कॉल म्हटला की आवाज नीट हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटी एक सोय सापडली आणि मी खूश झाले. ती चालू केली की कॅमेरा माणसाचा चेहरा शोधतो आणि तेवढाच मोठा करून मधोमध धरतो. माय खुर्चीत नीट बसू शकत नव्हती, एका बाजूला कलायची. आता ती कशीही कलली तरी पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात तिचा चेहरा बरोबर मध्ये दिसे.

चौथ्या दिवशी कॉल लागला. भाऊ पडद्यावर आला तशी माय हसली आणि मग रडली. त्याच्याशी बोलताना ती ओठ मिटून घ्यायची. तोंड आणि हात एकदम चालवले की हात चुकतात, म्हणायची. पण भाऊ धड एका जागी थांबेना. हातातला फोन खाली वाकवायचा, वर धरायचा, विहिरीत डोकवावं तसा त्याच्या काठावरून आत बघायचा. आम्हाला कधी त्याचं कपाळ दिसे, कधी छपराचे कवेलू. एका हातात फोन, त्यामुळे बोलायला त्याला एकच हात मोकळा, आणि तोही दिसेल तर शपथ.

"तो उत्तर नाही देऊन राहिला," माय म्हणाली. "काहून नाही देऊन राहिला?"

"त्याले फोन धरता नाही येत, माय. येईल सवय."

पुढचे दोन दिवस हेच. मी त्याच्यावर चिडत होते आणि कोपऱ्यातल्या चौकोनात मायचा चेहरा बरोबर मध्ये आहे ना, ते बघत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. माय माझ्या शेजारी हातभर अंतरावर बसली होती आणि मी तिला पडद्यावर बघत होते.

त्याच्या पुढच्या दिवशी भावानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला. दोन्ही हात मोकळे करून तो मायला काहीतरी सांगू लागला. मला समजलं नाही. मायला समजलं. ती जरा पुढे सरकली आणि तिनं दोन्ही हात उचलून थेट चेहऱ्यासमोर, कॅमेऱ्याजवळ आणून खुणा सुरू केल्या. त्याबरोबर चित्र बिघडलं. कॅमेऱ्याला चेहरा सापडेना, तो जवळ-दूर, जवळ-दूर करायला लागला. तीन संध्याकाळींची माझी मेहनत डोळ्यांसमोर वाया चाललेली.

"हात खाली ठेव माय! सारं हालून राहिलं!" असं म्हणत मी तिचे दोन्ही हात धरले आणि मांडीवर दाबून ठेवले.

तिनं सोडवून घ्यायला जोर लावला. फार नाही, तिच्यात होता तेवढा. मग सोडून दिलं. पडद्यावर भाऊ जागेवरून उठला होता. तेवढ्यात कॅमेऱ्याचा फोन तापून बंद पडला.

"उद्या लावू," मी म्हटलं. माय माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना. भंडाऱ्याला नेलं. दुपारी ती गेली.

भावाला गावातल्या माणसांनी आणलं. तो मायच्या पायाशी बसून होता. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, दुःखात आहे. मायच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, तरी तो माझ्या हातचा चहा घेईना.

दुसऱ्या दिवशी मी विचारलंच. हातांनी, मला येत होतं तेवढं. भाऊ उठला, मला कॉम्प्युटरसमोरच्या त्या खुर्चीत बसवलं. मग आडवा हात माझ्या हनुवटीखाली धरला आणि दाखवलं, पडद्यावर माय इथून वर होती. हनुवटीच्या खाली काही नव्हतं. चेहरा रोज दिसत होता, हात एकदाही दिसले नव्हते. ते दिसावेत म्हणून तो फोन वाकवून आत डोकवत होता. मग त्यानं माझे दोन्ही हात धरले, मांडीवर दाबले, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. का?

मला नव्हतं माहीत, हे सांगायची खूण मला येत नव्हती. मी नुसती रडले. माझ्याइतकी मूर्ख बाई लाखनीत दुसरी नसेल.

बऱ्याच वेळानं तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. बोट वर करून मायची खूण केली आणि विचारलं, काय म्हणत होती?

हात दाबण्याआधी डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं दिसलं होतं, तेवढं मी आठवून आठवून केलं. डावा तळहात उताणा. उजव्या हाताची बोटं त्यावर टेकवलेली. मग दोन्ही हात छातीपाशी.

भाऊ एकदम पुढे सरकला. त्यानं दोनदा मान हलवली. त्याला सुरुवात कळली होती. तो माझ्या हातांकडे बघत पुढच्याची वाट पाहू लागला. मी हात तसेच छातीपाशी धरून बसले. पुढचं मी पाहिलंच नव्हतं. तिथेच मी तिचे हात धरले होते.