मागच्या दाराचं कुलूप

एकोणीसशे पन्नासनंतर सावली गावाकडच्या एका लहान दवाखान्यात मी नर्स होते. बाळंतिणींची खोली बांबूच्या तट्ट्यांची, वर गवताचं छप्पर. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची इकडची रीत. मी कितीही ओरडले तरी सासवा मागच्या दारानं शेगडी आणायच्याच. शेवटी चिडून मी त्या दाराला कुलूप घातलं.

एका दुपारी एक म्हातारी पदराआड शेगडी लपवून पुढच्या दारानं आली आणि दाराजवळच्याच सुनेच्या खाटेखाली तिनं ती सरकवली. तट्टा पेटला, पुढची वाट बंद झाली. मागच्या दाराची किल्ली आगीपलीकडे, माझ्या टेबलावर. म्हातारीनं कमरेचा विळा काढून मागचा तट्टा फाडला. "बाई, लेकराले घे आधी!"

सगळ्या वाचल्या.

चौकशीला आलेल्या साहेबांनी म्हातारीला फैलावर घेतलं. ती मान खाली घालून उभी होती; कुलपाचं काही बोलली नाही. मीही नाही.

नव्या पक्क्या खोलीत पाटी लागली: शेगडी आणू नये. आत बाळंतिणी असताना दाराला कुलूप घालू नये, हा नियम कुठंच लिहिला गेला नाही. तो मी पुढं प्रत्येक दवाखान्यात भांडून पाळायला लावला. कोणी कारण विचारलं, की मात्र मी अंगावर धावून जायची.