टाकीतलं गाठोडं

कशाच्याही आत काय आहे ते पाहिल्याशिवाय सोजराआत्याला चैन पडत नसे. पिंपळे सौदागरच्या त्यांच्या घरात पहिला रेडिओ आला, तेव्हा गाणं ऐकायचं सोडून ही बाई त्याच्या पाठीमागं डोकावत बसली. "नसत्या पंचायती," म्हणून तिचे मालक कोंडाजीमामा करवादायचे.

चौऱ्याहत्तर साली मामांनी अंगणात वर पाण्याची टाकी असलेला साखळीचा संडास बांधला, तो लेकीपायी. नीलाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पण पुण्याच्या विहीणबाईंनी बजावलं होतं, पोटुशी सून डबा घेऊन रानात जायची नाही. संडास नीट असेल तरच पाठवू. रविवारी त्या स्वतः बघायला येणार होत्या.

आणि साखळी ओढली की जेमतेम दोन तांबे पाणी पडत होतं! वरून बादली ओतल्याशिवाय भागायचं नाही.

मिस्त्री येऊन "नळाला जोर नाही" म्हणून गेला. आत्याला ते पटेना. एकदा टाकी भरली की नळाचा काय संबंध? तिनं पदर खोचला, शिडी लावली आणि झाकण सरकवलं. टाकी काठोकाठ भरलेली. मग एवढं पाणी जातं कुठं? तिनं कोपरापर्यंत हात घातला, तर हाताला गाठोडं लागलं. धोतराच्या फडक्यात बांधलेले दगड! वरची गाठ वासराला दावं बांधायची. तशी गाठ घरात एकच माणूस मारायचा.

ओलं गाठोडं तिनं मामांपुढं ठेवलं. "आवं, ह्ये काय?"

मामांनी गाठ चाचपली. "दगड टाकलं की पानी कमी मावतं," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात दावणीचं वासरू घोटभर पान्याबिगर गेलं. आन् हितं एका ओढीला बादली. मला बघवत न्हाई."

आत्याचा राग तिथंच विरला. वासराला शेवटचं तिनंच कुरवाळलं होतं. पण ती म्हणाली, "मंग लेकीला सासरीच ऱ्हाऊ द्यायचं का?"

मामांनी गाठ सोडली. उठून त्यांनी दगड बांधावर टाकले.

विहीणबाई बघून गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात नीला आली. पहिल्यांदा तिनं साखळी ओढली तेव्हा धबधबा आवाज ओसरीपर्यंत आला. मामांनी डोळे मिटून घेतले.

नीला बाहेर येऊन म्हणाली, "आबा, अजून थोडं राहिलंय. बादली ओतू का?"

"बादली उचलू नगंस," मामा म्हणाले. "टाकी भरू दे, आन् पुन्यांदा वढ."